घरी बनवलेलं चांदीचं पाणी आणि भावाचा तांब्याचा रिपोर्ट: दोन्हींचा संबंध असू शकतो का?

गोदाकाठची_लेक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. गेले काही महिने एक मजला चढला तरी दम लागतो, म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.४, पांढऱ्या पेशी कमी, एसजीपीटी (यकृताची तपासणी) ७८. लोहाच्या गोळ्या झाल्या, फरक नाही. मग पोटविकाराच्या डॉक्टरांनी आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या आणि त्यांनी घरची झोपच उडवली. सेरुलोप्लाझ्मिन १७ आलं (लॅबने छापलेली मर्यादा २० ते ४०) आणि रक्तातलं तांबं २८ (मर्यादा ७० ते १४०). डॉक्टर म्हणाले, विल्सनचा आजार (यात यकृतात तांबं साठत जातं) नाही ना हे बघावं लागेल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं, त्या आजारात बुबुळाभोवती तांब्याचं कडं दिसतं, ते दिसलं नाही. २४ तासांच्या लघवीची तपासणी अजून व्हायची आहे.

आता जे डॉक्टरांना सांगितलेलं नाही ते इथे सांगते. भाऊ साधारण वर्षभर घरी चांदीचं पाणी बनवून पितोय. सराफ बाजारातून शुद्ध चांदीच्या दोन तारा आणल्या, त्यांना बॅटरी जोडून पाण्यात सोडतो, वर चिमूटभर मीठ. पाणी ढगाळ झालं की तयार. रोज सकाळी पेलाभर. त्याला वारंवार सर्दी-खोकला व्हायचा, कुठल्याशा व्हिडिओत त्याने हे पाहिलं. डॉक्टरांना सांग म्हटलं तर म्हणतो, ते काय औषध आहे का सांगायला?

आईचं म्हणणं वेगळंच. आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून भांडी बाजारातली तांब्याची कळशी आहे, पाणी तिच्यातलंच पितो. मग अंगात तांबं कमी होईलच कसं?

आणि पुढच्या महिन्यात माझ्या लेकीचं उष्टावण आहे. चांदीची वाटी-चमचा घेऊन ठेवलाय. तो वापरायचा की नाही?

कॉलेजरोड_७

चांदी शुद्ध धातू आहे, पूर्वीपासून लोक चांदीच्या ताटात जेवत आले. आयुर्वेदात रौप्य भस्म आहे. मला नाही वाटत पाण्याने काही झालं असेल. विल्सन आनुवंशिक असतो, तेच नीट तपासा.

जीवरसायन_निवृत्त

ताई, माझं सगळं आयुष्य जीवरसायनशास्त्र शिकवण्यात आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेलं. आधी थेट उत्तर देतो. हो, संबंध असू शकतो, आणि तो दाट असू शकतो. चांदीचं पाणी आजच बंद करायला सांगा आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून ही गोष्ट कळवा. ते औषध आहे की नाही हा प्रश्नच नाही. पोटात जातं ते सगळं डॉक्टरांना कळायला हवं.

आता तुमचे दोन आकडे शेजारी ठेवून बघू. सेरुलोप्लाझ्मिन हे यकृतात तयार होणारं प्रथिन. रक्तद्रवातलं बहुतेक तांबं याच प्रथिनात बसलेलं असतं. पुरतं भरलेलं असेल तर दर मिलिग्रॅम सेरुलोप्लाझ्मिनमागे साधारण ३ मायक्रोग्रॅम तांबं. तुमचे दोन्ही आकडे दर १०० मिलीलिटरमागचे, सेरुलोप्लाझ्मिन मिलिग्रॅममध्ये आणि तांबं मायक्रोग्रॅममध्ये. म्हणजे १७ मिलिग्रॅमला ५१ मायक्रोग्रॅम तरी हवं. भावाच्या रक्तात एकूणच २८ सापडलं. हिशेब जुळत नाही. प्रथिन आहे, पण त्याच्या पोटात पुरेसं तांबं नाही.

असा उलटा हिशेब का येतो? बहुतेक लॅब हे प्रथिन प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडींच्या) साहाय्याने मोजतात. प्रतिपिंड फक्त प्रथिनाचा बाहेरचा आकार ओळखतो, आत तांबं आहे की नाही ते त्याला दिसत नाही. दुसरी जुनी पद्धत आहे, तिच्यात हे प्रथिन विकर (एन्झाइम) म्हणून काम करतं का ते बघतात: पॅराफिनिलिनडायमिन किंवा ऑर्थोडायअ‍ॅनिसिडिन नावाच्या द्रव्याचा रंग बदलण्याचा वेग मोजायचा. तांबं नसेल तर रंग बदलत नाही. मी विद्यार्थ्यांना दोन्ही पद्धती शेजारी शेजारी करायला लावत असे, कारण त्यांतल्या फरकातच खरी माहिती असते. दुर्दैवाने ही दुसरी चाचणी आता फार थोड्या ठिकाणी होते.

आता चांदी यात कुठून आली ते सांगतो. इथे थोडा वेळ लागेल, पण हा विषय मला मनापासून प्रिय आहे.

अन्नातलं तांबं आतड्यातून शोषलं जातं आणि प्रवेशिका शिरेतून यकृतात येतं. यकृताच्या पेशीच्या आवरणात सीटीआर१ नावाचं वाहक प्रथिन आहे. ते तांबं आत घेतं, पण एकच धनभार असलेल्या रूपातलं. त्याच्या मार्गात मेथिओनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लाची कडी आहेत आणि एकभारी तांब्याला गंधकाची ओढ जबरदस्त. चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, तोही एकभारी. त्याचंही बाहेरचं इलेक्ट्रॉन-कवच तसंच भरलेलं, त्यालाही गंधकाची तितकीच ओढ. आकाराने थोडा मोठा, एवढाच फरक. सीटीआर१ ला दोघांत भेद करता येत नाही. चांदी त्याच वाटेने आत शिरते, आणि तिची गर्दी झाली की तांब्याचं आत येणं कमी होतं.

आत आल्यावरही तेच. पेशीत तांबं मोकळं फिरत नाही, अ‍ॅटॉक्स१ नावाचं छोटं प्रथिन ते हातोहात एटीपी७बी या पंपापर्यंत नेतं. पंप ऊर्जा खर्चून ते गॉल्जी पिंडाच्या (पेशीतल्या प्रथिनं तयार करून पाठवणाऱ्या कप्प्याच्या) आत ढकलतो आणि तिथे नव्याने घडत असलेल्या सेरुलोप्लाझ्मिनमध्ये तांबं बसतं. विल्सनच्या आजारात बिघडतो तो हाच पंप. किनियर विल्सन यांनी आजाराचं वर्णन १९१२ मध्ये केलं, त्यामागचं जनुक सापडायला १९९३ उजाडलं. पण पंप धडधाकट असूनही त्याच्यापर्यंत तांब्याऐवजी चांदी पोचली तर काय होईल?

हे उंदरांवर तपासून झालं आहे. सेंट पीटर्सबर्गच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना खाद्यातून सिल्व्हर क्लोराइड दिलं. यकृत सेरुलोप्लाझ्मिन बनवत राहिलं, त्याचं जनुकही नेहमीसारखं काम करत होतं, रक्तात प्रथिन सापडतही होतं. पण त्याची ऑक्सिडेज क्रिया, म्हणजे विकर म्हणून काम करणं, जवळपास संपली आणि रक्तातलं तांबं घसरलं. चांदी त्या प्रथिनातच जाऊन बसली होती.

तुम्ही सराफ बाजाराचा उल्लेख केलात म्हणून त्याच भाषेत सांगतो. सेरुलोप्लाझ्मिन म्हणजे सहा कोंदणांचा दागिना, प्रत्येक कोंदणात तांब्याचा एक अणू बसायला हवा. चांदी तिथे बसते, दागिना बाहेरून पुरा दिसतो, आणि म्हणूनच प्रतिपिंडाला संशय येत नाही.

पण काम का होत नाही? कारण तांब्याचं काम नुसतं बसून राहायचं नाही. ते इलेक्ट्रॉन घेतं आणि देतं, एकभारीचं द्विभारी होतं आणि परत एकभारी. या येण्याजाण्यावर सेरुलोप्लाझ्मिन लोहाचं रूप बदलतं, तेव्हाच ते लोह ट्रान्सफेरिन या वाहक प्रथिनावर चढून, रक्तपेशी बनतात त्या अस्थिमज्जेकडे जातं. चांदी शरीरात एका भारावरच राहते, तिला हे येणंजाणं जमत नाही. शिवाय अपुऱ्या तांब्याचं प्रथिन रक्तात टिकत नाही. भरलेलं सेरुलोप्लाझ्मिन निम्मं व्हायला पाचेक दिवस लागतात, रिकामं काही तासांतच निम्मं होतं.

आता भावाचं हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी पुन्हा बघा. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय आणि सोबत पांढऱ्या पेशी कमी, हे तांब्याच्या कमतरतेचं ओळखीचं चित्र आहे. विल्सनमध्ये ते नेहमीचं नाही. माणसांतही चांदीचं पाणी पिणाऱ्या रुग्णात तांबं आणि सेरुलोप्लाझ्मिन दोन्ही खालावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे.

तरीही विल्सन नाही असं मी इथे बसून म्हणणार नाही. त्या आजारातही रिकामं प्रथिन रक्तात फिरतं आणि असाच उलटा हिशेब येऊ शकतो. निवाडा करायला २४ तासांची लघवी फार मोलाची. विल्सनमध्ये यकृतात साठलेलं तांबं लघवीतून सांडतं, मोठ्या माणसात सहसा १०० मायक्रोग्रॅमच्या वर. नुसती कमतरता असेल तर लघवीत तांबं वाढण्याचं कारण नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. भाऊ जस्ताच्या गोळ्या घेतो का? सर्दी-खोकल्यासाठी पुष्कळ जण घेतात. जास्त जस्तानेही तांबं असंच खाली येतं.

मेंढरांचा_डॉक्टर

सरांनी फार छान उलगडून सांगितलं. मी पशुवैद्य आहे, निफाड-दिंडोरी पट्ट्यात फिरतो. माणसांबद्दल बोलणार नाही, पण यकृत आणि तांबं यांची भानगड आमच्याकडे रोजची, म्हणून थोडं.

आपल्याकडे द्राक्षबागेत डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याचं म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. मोरचूद म्हणजे तांबंच. ते पानावर बसतं, तसं खालच्या गवतावरही बसतं. मग धनगराचा कळप बागेत बसवायचा ठरला की माझा जीव वरखाली होतो. मेंढीचं यकृत तांबं पित्तातून बाहेर टाकण्यात फार कमजोर असतं. गाय सहज पचवेल एवढं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं. आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही. आणि एक दिवस ताण पडला, लांब चाल झाली, उपास घडला, की यकृतातलं सगळं तांबं एकदम रक्तात सुटतं, तांबड्या पेशी फुटतात. डोळे पिवळे, लघवी लाल-तपकिरी. त्या टप्प्यावर जनावर हाती लागणं अवघड.

त्यावर आम्ही मॉलिब्डेनम देतो, सोबत सल्फेट. मेंढीच्या रवंथाच्या पोटात मॉलिब्डेनम आणि गंधक मिळून थायोमॉलिब्डेट बनतं आणि ते तांब्याला धरून ठेवतं. इंग्लंडात सॉमरसेटच्या काही कुरणांवर गाई हगवणीने खंगायच्या, त्याचं कारण गवतातलं मॉलिब्डेनम निघालं, ही गोष्ट आम्हाला कॉलेजात शिकवलेली. याच थायोमॉलिब्डेटचा एक प्रकार माणसांच्या विल्सनसाठीही वापरून पाहिला गेलाय.

मला यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट वाटते ती ही की तांब्याच्या वाटेत येणारे धातू एकाच तऱ्हेने येत नाहीत. मॉलिब्डेनम तांब्याला बांधून निकामी करतं. जस्त आतड्याच्या पेशीत मेटॅलोथायोनिन हे धातू धरून ठेवणारं प्रथिन वाढवतं, तांबं त्याला चिकटून राहतं आणि पेशी झडली की शौचावाटे जातं. आणि चांदी सरांनी सांगितली तशी, थेट तांब्याच्या जागी जाऊन बसणारी. कोंबडी-टर्कीच्या पिल्लांवर जुने प्रयोग आहेत: खाद्यात भरपूर चांदी घातली तर वाढ खुंटली, हृदय मोठं झालं, आणि खाद्यातलं तांबं वाढवलं की ते टळलं. उंदरांत तर चांदी सेलेनियमच्याही आड येते. ई जीवनसत्त्व कमी असलेल्या उंदरांना पाण्यातून चांदी दिली तर यकृताच्या पेशी मरतात.

ताई, भावाचं यकृत तरुण आहे, लवकर कळलं हे चांगलं झालं.

चांदीकाम_पंचवटी

माझं घराणं चांदीचं काम करतं, देवाची भांडी, टाक, समया. ताई, एक सुचवू का? त्या तारा फेकू नका. ज्यांच्याकडून घेतल्या त्यांच्या बिलावर वजन असेलच. आता पुन्हा काट्यावर ठेवा, आधी नुसत्या पाण्याने धुऊन, कोरड्या करून. घासू नका. जेवढी घट आली तेवढी चांदी पाण्यात गेली, याहून सरळ मोजमाप नाही.

आणि सरांना माझाही एक प्रश्न. आम्ही दिवसभर चांदीत हात घालून असतो. पॉलिशची धूळ नाकात जाते. आमचंही तांबं कमी होत असेल का?

जीवरसायन_निवृत्त

दादा, तारा तोलायची सूचना उत्तम. ताई, हे नक्की करा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. धातूरूपातली चांदी आणि आयनरूपातली चांदी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सीटीआर१ मधून जातो तो आयन. धातूचा तुकडा, वर्ख, ताट, वाटी यांतून आयन अगदी नगण्य सुटतात. बॅटरी जोडली की मात्र धातूला इलेक्ट्रॉन सोडायला भाग पाडलं जातं आणि पाण्यात आयनच आयन. म्हणून चांदीच्या वाटीची आणि त्या पाण्याची तुलना होऊ शकत नाही. ताई, लेकीचं उष्टावण चांदीच्या वाटीतूनच करा, मनात काही आणू नका. रौप्य भस्माबद्दल वर कुणी लिहिलंय, तो पुन्हा तिसराच पदार्थ, आणि तोही वैद्याच्या देखरेखीखाली, मोजून घ्यायचा. त्याचा दाखला देऊन पेलाभर आयन पिता येत नाहीत.

कारागिरांची गोष्ट थोडी वेगळी. सिल्व्हर नायट्रेटसारखी चांदीची क्षारं हाताळणाऱ्यांची कातडी, विशेषतः उन्हात उघडी राहणारी, निळसर-करडी होते, तिला अर्जिरिया म्हणतात. तो रंग जात नाही. धातूच्या धुळीपासून तांबं कमी होईल ही भीती मला वाटत नाही, पण धूळ फुप्फुसात जाणं वाईटच, तेव्हा मास्क आणि ओढून घेणारा पंखा हवा. तुमच्या धंद्यात मला जास्त काळजी कॅडमियमची वाटते. डाख लावताना कॅडमियम असलेला मिश्रधातू वापरत असाल तर त्याचा धूर मूत्रपिंड आणि फुप्फुस दोन्ही बिघडवतो. तो बदला, हे कळकळीने सांगतो.

ताई, आईंच्या कळशीबद्दल. कळशीतलं पाणी थोडं तांबं देतं, हे खरं. पण आत येणाऱ्या तांब्याला यकृतात जागा मिळायला हवी. ती चांदीने अडवली असेल तर कळशीने तूट भरून निघेलच असं नाही. एरवी कळशी निर्धोक आहे (भावाने विल्सनचा निकाल लागेपर्यंत तिच्यातलं पाणी प्यावं का ते मात्र डॉक्टरांना विचारा), फक्त तिच्यात ताक, लिंबूपाणी, कैरीचं पन्हं ठेवू नका. आणि लहान बाळाचं दूध तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवणं किंवा ठेवणं पूर्ण टाळा. हे मी आवर्जून लिहितोय, कारण तुमची लेक लहान आहे आणि हा धडा आपल्या महाराष्ट्रानेच जगाला दिला. एकेकाळी आपल्याकडे एक-दोन वर्षांची मुलं यकृत कडक होऊन दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी, इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासोबत, अशा मुलांच्या घरची भांडी तपासली. पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं दूध अगदी लवकर सुरू झालेलं असायचं. दुधातलं केसिन तांब्याला धरून ठेवतं आणि बाळाच्या यकृताला ते बाहेर टाकणं झेपत नाही. घरातली भांडी बदलली तसा तो आजार ओसरत गेला. किती मुलं वाचली असतील याचा विचार केला की अजूनही भरून येतं.

गोदाकाठची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला हा सगळा धागा वाचायला लावला. कोंदणाचं वाचल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग स्वतःच बॅटरी काढून ठेवली. आज सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत, उलट म्हणाले की ही फार कामाची माहिती आहे.

जस्ताच्या गोळ्या तो अधूनमधून घेतो, सर्दी झाली की आठवडाभर. तेही सांगितलं.

पंचवटीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे तारा तोलल्या. बिलावर दोन्ही मिळून २० ग्रॅम होत्या, आता १६.८ भरल्या. भाऊ म्हणतो, भांड्याच्या तळाशी करडा गाळ बसायचा, तो कधी टाकायचा, कधी ढवळून प्यायचा.

ही ३.२ ग्रॅम घट म्हणजे खूप का?

जीवरसायन_निवृत्त

हो ताई, खूप.

३.२ ग्रॅम म्हणजे ३२०० मिलिग्रॅम. वर्षावर वाटले तर रोजचे साधारण ९ मिलिग्रॅम. गाळातून काही वाया गेले असं धरून निम्मेच पोटात गेले म्हणा, तरी साडेचार. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आयुष्यभर रोज चालेल अशी चांदीची मात्रा दर किलो वजनाला ०.००५ मिलिग्रॅम धरली आहे. ६० किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे कमीत कमी पंधरापट. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की अख्ख्या आयुष्यात मिळून सुमारे १० ग्रॅम चांदी पोटात गेली तरी अपाय दिसू नये. त्यातला सहावा ते तिसरा हिस्सा एका वर्षातच गेलेला दिसतो. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, त्यावरून पेलाभर पाण्यात किती असायला हवी होती ते भावालाच काढू द्या.

मीठ घातल्यावर पाणी ढगाळ व्हायचं, ते सिल्व्हर क्लोराइड. उंदरांना खाद्यातून दिलं गेलं तेच संयुग. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून निरुपद्रवी असं कुणी म्हणेल, पण उंदरांच्या यकृतात त्याचा परिणाम स्पष्ट दिसला आहे.

आता दिलासा. चांदी शरीराबाहेर जाते ती मुख्यतः यकृतातून, पित्तावाटे. उंदरांत चांदी बंद केल्यावर सेरुलोप्लाझ्मिनची क्रिया परत वर आली, कारण यकृत हे प्रथिन सतत नवं बनवत असतं आणि नव्यात पुन्हा तांबं बसतं. नखांच्या मुळाशी आणि हिरड्यांवर निळसर-करडी छटा दिसते का, ते दिवसाच्या उजेडात बघा आणि दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या तपासण्यांबद्दल दोन-तीन गोष्टी, या लॅबमध्ये नेहमी हुकतात म्हणून. रक्त सूक्ष्म धातूंसाठीच्या खास नळीत घ्यायला सांगा, गडद निळ्या टोपणाची असते. साध्या नळीतून बाहेरचा धातू मिसळून आकडा बिघडू शकतो. त्याच नमुन्यात चांदीही मोजता येईल का ते विचारा. ज्या यंत्रावर तांबं मोजतात, आयसीपी-एमएस, त्यावर चांदीही मोजता येते. नाशिकमध्ये होत नसेल तर नमुना मुंबईला जाईल. लघवीचा डबा लॅबनेच दिलेला, आम्लाने धुतलेला प्लास्टिकचा हवा, घरचं कुठलंही भांडं मध्ये येऊ देऊ नका. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून पुढे दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्यापर्यंतची सगळी धरायची. एक वेळची जरी बाहेर गेली तरी आकडा खोटा येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे वाचून कुणी सुचवेल की मग तांब्याच्या गोळ्या सुरू करा. करू नका. लघवीचा रिपोर्ट येऊन विल्सन बाजूला पडेपर्यंत तांबं द्यायचं नाही, कारण तो आजार असेल तर आधीच भरलेल्या यकृतात आपण आणखी भर घालू. जस्तही तोवर बंद. डॉक्टरांनी एटीपी७बी जनुकाची तपासणी सांगितली तर तीही करून घ्या, आणि विल्सन निघालाच तर तुमचीही तपासणी व्हायला हवी, कारण सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक असते.

लघवीचा आकडा आला की इथे लिहा. मी वाट बघतो.